जुन्या रस्त्यानं ये

"अगं, बस की जरा एका जागी! पायाला भिंगरी लावली म्हणून ट्रक येणारेत का?"

सासूबाई कोपऱ्यात सुरीला धार लावत बसल्या होत्या. धार लावून लावून सुरीचं पातं निम्मं झालं होतं, पण दुसरं काही कामच नव्हतं. ताईचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती शेडच्या दारात जायची, रस्ता बघायची, परत आत यायची. धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायची, कोरड्या टेबलावर ओलं फडकं फिरवायची, की पुन्हा दारात.

"येणार नाहीत, माहितीये मला," ती म्हणाली, आणि पुन्हा बाहेर डोकावली.

तिला सगळा गाव ताई म्हणायचा, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. आणि तिच्या शेडला म्हणायचे डागी शेड. डागी म्हणजे डाग पडलेला माल. वर डोंगरात फळबागा, खाली शहर आणि बंदर, आणि बरोबर मधे हे गाव. जुना रस्ता गावाच्या पोटातून जायचा. रस्ता कसला, रस्त्याचं निमित्त! गावाच्या अलीकडचा तुकडा तर इतका खड्ड्यांचा, की ड्रायव्हर लोकांनी त्याचं नाव चाळण ठेवलं होतं. चाळणीतून बाहेर पडलेली गाडी गावात थांबायचीच. कंबर सरळ करायची, टायर बघायचे, दोर सोडून माल तपासायचा. तळातल्या पेट्यांमधली फळं हमखास चेपलेली असायची. ती तशीच पुढे नेली, तर शहरातला व्यापारी नाक मुरडून सगळ्या गाडीचा भाव पाडणार. म्हणून डागी पेट्या इथंच उतरायच्या, ताईच्या दारात, मिळेल त्या भावानं. ड्रायव्हर खूश, ताईही खूश. बायका डाग कापून फेकायच्या, उरलेलं फळ पातेल्यात जायचं आणि पातेल्यातून बरण्यांत. तो जॅम असा उतरायचा, की शहरातल्या मोठ्या दुकानात गिऱ्हाइकं ताईची बरणी नावानं मागून न्यायची. "मार बसल्याशिवाय गोडी सुटत नाही," असं सासूबाई म्हणायच्या आणि सुनेकडे बघून गालात हसायच्या.

खरं सांगायचं तर अख्खा गाव खड्ड्यांवर जगत होता. गॅरेजवाला, पंक्चरवाला, खानावळी, लॉज, सगळेच. तोंडानं कोणी बोलायचं नाही, पण खड्डे बुजवणारी माणसं आली की गावाचे चेहरे पडायचे. एकदा तर सासूबाईंनी मुकादमाला बोलावून चहा पाजला आणि गोड आवाजात विचारलं, "एवढं खोलवर डांबर कशाला हो घालता? वरवर घाला की!" मुकादम समजून चुकला. त्यानं वरवरच घातलं.

मग नवा रस्ता आला. आला म्हणजे गावात नाही आला. डोंगर पोखरून आला, बोगद्यातून निघाला आणि उंच खांबांवरून गावाच्या पाठीमागून सरळ बंदराकडे निघून गेला. गाड्याही नव्या आल्या, पांढऱ्याशुभ्र, बंद पेटीच्या, आत थंडी. सकाळी बागेतून निघालेलं फळ दुपारी बंदरावर. पेपरात रोज कौतुक छापून यायचं. निर्यात वाढली, बागा वाढल्या, बंदराजवळ शीतगृहं उभी राहिली, डोंगरातल्या लोकांनी पक्की घरं बांधली, त्यांच्या पोरी शहरात शिकायला गेल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं. राज्याचं भलं झालं हे ताईलाही दिसत होतं, ती काही आंधळी नव्हती. फक्त राज्याच्या भल्यात आपलं गाव का धरलेलं नाही, एवढं एक तिला कोणी सांगत नव्हतं.

आणि घरात काय? घरात नवरा टोलनाक्यावर लागलेला! आयुष्यभर शेडमध्ये बरण्यांची झाकणं घट्ट करणारा माणूस, आता इस्त्रीचा निळा शर्ट घालून काचेच्या खोलीत बसायचा. ज्या रस्त्यानं पोटावर पाय दिला, त्याच रस्त्याचा पगार घरात. त्याबद्दलही ताईची तक्रार नव्हती. पण शर्टाला इस्त्री करताना तो शीळ घालायचा, ते तिच्यानं ऐकवत नव्हतं.

"एवढा आनंद कसला झालाय?" ती एकदा फणकारली.

"आनंद नाही गं. सवय आहे," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं शीळ घातली नाही. त्याचाही तिला राग आला. आता बोला!

शेडमधल्या निम्म्या बायका बंदराजवळच्या पॅकिंगच्या कामाला गेल्या. त्यांना न्यायला बस यायची. राहिल्या त्या वयानं मोठ्या, नाहीतर ताईला सोडवत नाही म्हणून राहिलेल्या. अशातच मोठ्या दुकानदाराचा फोन आला. माणूस वाईट नव्हता.

"ताई, या खेपेला तुमच्या बरण्या आल्या नाहीत, तर फळीवरची जागा मी फॅक्टरीच्या जॅमला देतो. रागावू नका. रिकामी फळी दिसली की गिऱ्हाईक मागं फिरतं हो."

ती फळी गेली की शेड गेली, हे सांगायला ज्योतिषी नको होता. दुसरं मोठं गिऱ्हाईक ताईला नव्हतंच.

तेव्हा तिनं आयुष्यात पहिल्यांदा चांगलं फळ विकत घेतलं. स्वतः डोंगरात गेली, बागायतदाराच्या हातापाया पडली आणि बंदराच्या भावानं आलुबुखाराच्या थोड्या पेट्या आणल्या. पेट्या उघडल्या तशा बायका बघतच राहिल्या. एकेक फळ टणक, चकचकीत, नव्या नवरीसारखं नटलेलं. "बाई बाई, हे खायचं की बघायचं?" एकजण म्हणाली. मग सगळ्या टेबलाला बसल्या आणि सुऱ्या चालू लागल्या. खूप दिवसांनी शेडमध्ये आवाज झाला, चेष्टामस्करी झाली. ताईच्या जिवात जीव आला.

दुपारी ती कचऱ्याची बादली उचलायला गेली, तर बादली उचलेना. वाकून बघते तर काय, आत लालभडक, रसरशीत गर. निम्मं फळ बादलीत!

"अहो, हे काय कापलंत?"

"डाग," कोणीतरी म्हणालं.

"कुठं होता डाग?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग आपापल्या हातांकडे. या हातांना एकच ठाऊक होतं: फळ घ्यायचं, अंगठ्यानं फिरवायचं, मऊ जागा लागली की सुरी घालायची. मऊ जागा लागत नव्हती, म्हणून अंगठा जास्त दाबत होता. दाबला की डाग पडत होता. डाग पडला की सुरी तो काढत होती. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आधी सगळ्या खो खो हसल्या. मग एकेक करून गप्प झाल्या.

सासूबाईंपुढे मात्र एकच फळ होतं, अख्खं. त्या सकाळपासून तेच फिरवत बसल्या होत्या.

"आई, तुम्ही तरी सांगायचं नाही का?"

"काय सांगू?" म्हातारी उसळली. "चांगल्या फळाचं काय करतात ते मला माहीत नाही, बाई. उभ्या जन्मात कधी हाती आलं नाही."

जे उरलं त्याचा जॅम केला, तर तो आंबट, फिका. हे फळ लांबच्या प्रवासाला जरा कच्चंच तोडतात, त्याला ती गोडी कुठली? ताईनं चमचा तोंडात घातला आणि तसाच पातेल्यात टाकला. त्या रात्री तिला झोप नाही. सकाळी उठली ती एकच धोशा घेऊन: डागी माल पाहिजे. कसाही. कुठूनही. आणि असा विचार डोक्यात शिरला की माणसाला शहाणपण सुचत नाही, नसतं धाडस सुचतं.

तिचा धाकटा भाऊ ड्रायव्हर होता. घरात सगळ्यात लहान म्हणून त्याला चिमण म्हणायचे. आता हा चिमण दारातून आत यायचा तर आडवा होऊन यायचा, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. जुन्या रस्त्यावर तो कोणाचा तरी खटारा चालवायचा आणि सगळ्यात जास्त डागी पेट्या बहिणीच्या दारात उतरवायचा. आता तो बंदराच्या कंपनीत होता. गाडी नवी कोरी. केबिनमध्ये एक यंत्र बसवलेलं, ते गाडी कुठं आहे ते ऑफिसला सांगायचं. पगार वेळेवर. घरी लहान मुलगी.

ताईनं त्याला फोन लावला, तेव्हा तो वर बागेत गाडी भरत होता.

"चिमण, आज जुन्या रस्त्यानं ये."

तो हसला. "का? चाळणीची आठवण आली का तुला?"

"थट्टा नाही करत. चाळणीतून जोरात घाल गाडी. तळातल्या पेट्या डागी होतील. त्या बंदरावर घेणारच नाहीत, फेकूनच देतील. त्यापेक्षा मला दे. एक खेप, बास. माझी फळी वाचेल."

"ताई, वेड लागलंय का तुला? गाडीत यंत्र आहे. गाडी वळली की ऑफिसात कळतं."

"सांग, रस्ता चुकलो."

"अगं, त्या रस्त्यावर चुकायला जागाच नाही!"

आणि मग ताई जे कधीच बोलली नव्हती, ते बोलली.

"आपली आई गेली तेव्हा तू रांगत होतास. तुला काकाकडे ठेव म्हणून सगळे सांगत होते. मी तुला पदराला बांधून सासरी आणला. नव्या सुनेबरोबर रांगतं पोर! लोक काय काय बोलले असतील, तुला कल्पना नाही. मी कधी बोलून दाखवलं?"

बोलून दाखवलं ते आत्ताच, हे तिचं तिलाच कळलं. जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता. पलीकडे पेट्या चढवल्याचे आवाज येत होते.

"येतो," चिमण म्हणाला आणि फोन ठेवला.

मग ताईचा जीव जो खालीवर व्हायला लागला, तो काही केल्या थांबेना. परत फोन करून नको म्हणावं, असं दहादा मनात आलं. दहादा फोन हातात घेतला, ठेवला. एकदाच तर, असं स्वतःला सांगितलं. यंत्र काय, बिघडतंच कधी ना कधी. तिनं चुली पेटवायला सांगितल्या, विझवायला सांगितल्या, परत पेटवायला सांगितल्या. सासूबाई नुसत्या बघत होत्या. "काय घोळ घालून ठेवलायस?" त्यांनी विचारलं. ताईनं सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली. "पोराची रोजी पणाला लावलीस?" एवढंच म्हणाल्या. ताईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

उन्हं कलली आणि हॉर्न वाजला.

गावानं तो हॉर्न ऐकला आणि गाव बाहेर आला! गॅरेजवाला हात पुसत रस्त्यावर, खानावळवाली ओट्यावर. इतके दिवस झोपा काढणारा पंक्चरवाला हवेची नळी घेऊन उभा. पांढरी गाडी धुळीनं मातकट होऊन डुलत डुलत आली आणि डागी शेडपुढे थांबली. चिमण कंबरेवर हात ठेवून खाली उतरला. चेहरा घामानं डबडबलेला.

"चाळणीत पाय दाबूनच धरला होता," तो म्हणाला. "डोकं दोनदा टपाला आपटलं. आता बघ बाई तुझं नशीब."

त्यानं मागचं दार उघडलं. आतून गार वाफेचा लोट बाहेर आला. ताई कोणाची वाट न बघता वर चढली. जुन्या लाकडी पेट्या नव्हत्याच. प्लॅस्टिकचे क्रेट होते, एकावर एक घट्ट बसलेले. तिनं वरचा उघडला. प्रत्येक फळाला वेगळा खोबणीचा कप्पा, खाली फोम, वर कागद. फळ कसं, पाळण्यात निजलेलं. तिनं तो बाजूला सारला, खालचा उघडला. तसंच. त्याच्या खालचा. तसंच. तळाचा क्रेट ओढायला चिमण चढला, बायका हात लावायला आल्या, आणि तळाचाही निघाला. ताईनं एकेक फळ हातात घेऊन अंगठ्यानं फिरवलं. कुठं मऊ लागेना.

"अजून खालचा बघ."

"याच्याखाली गाडीचा पत्रा आहे, ताई."

"मग मागच्या ओळीतले काढ!"

"ताई." चिमणनं तिचा हात धरला. "माझी कंबर मोडली, पण यातलं एकही फळ मोडलं नाही."

खाली उभ्या बायकांपैकी एकीला हसू फुटलं आणि दुसरीनं तिला चिमटा काढला. तेवढ्यात चिमणचा फोन वाजला. तो वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला.

"उचलू नकोस," ताई म्हणाली. "नाही, उचल. सांग टायर फुटला. सांग रस्त्यात झाड पडलं. गॅरेजवाला साक्ष देईल."

गॅरेजवाल्यानं लगेच मान डोलावली. चिमणनं फोन कानाला लावला. "हो साहेब. हो. नाही, टायर ठीक आहेत. मीच वळवली गाडी. बहिणीकडे काम होतं."

ताईनं कपाळावर हात मारला. याला साधं खोटं बोलायला कोणी शिकवलंच नाही! आणि शिकवणार कोण, वाढवला तिनंच. तिनं त्याच्या हातातून फोन हिसकावला.

"साहेब, मी त्याची बहीण. मी बोलावलं त्याला. त्याचा काही दोष नाही. फळाला काही झालेलं नाही, एक डाग नाही, मी स्वतः बघितलंय. काय शिक्षा करायची ती मला करा."

"बाई, गाडी तुम्ही चालवत होता का?" पलीकडचा आवाज थंड होता, पण उद्धट नव्हता. "माल जहाजाला लागायचाय. त्याला म्हणावं, गाडी लगेच बंदरावर आण आणि किल्ली तिथं दे. उद्यापासून येऊ नकोस."

"अहो, असं नका करू. त्याला लहान मुलगी आहे. दुसरीकडे तरी लागेल ना तो?"

"माल भरलेली गाडी परस्पर वळवणारा ड्रायव्हर कोण घेतो, ताई? सगळ्या कंपन्यांना नाव जातं. तो डागी झाला आता."

डागी. उभा जन्म तो शब्द ताईच्या तोंडात होता, त्या शब्दावर तिचं घर चाललं होतं, पण त्याचा असा चटका कधी बसला नव्हता. तिनं फोन खाली केला. एवढ्या मोठ्या गाडीत एकच डागी निघाला, आणि तो तिचा भाऊ.

सासूबाई गाडीपाशी आल्या. त्यांनी बाहेर राहिलेलं एक फळ उचललं, पदरानं पुसलं आणि खोबणीत परत ठेवलं.

"सूनबाई, हे आपलं नाही," त्या म्हणाल्या. "दार लाव."

क्रेट परत रचले. चिमण केबिनमध्ये चढला, तशी दुसऱ्या बाजूनं ताईही चढली, तशीच, एप्रनसकट. "मी येते. त्यांच्या तोंडावर सांगते. पाया पडते. काही तरी करते," ती म्हणाली. तो नको म्हणाला नाही.

गावाच्या टोकाला, नव्या रस्त्यावर चढायच्या वाटेवर, टोलनाका होता. काचेच्या खोलीत निळा शर्ट घालून नवरा बसलेला. खिडकीत बायकोला बघून तो उभाच राहिला. "तू? कुठं निघालीस? काय झालं?" मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट केला, तसं त्यानं दांडी वर केली आणि गाडी पुढे निघाली. आरशात तो कितीतरी वेळ बाहेर उभा दिसत होता.

नव्या रस्त्यावर ताई कधी आली नव्हती. हट्टानं आली नव्हती. तिनं सवयीनं पाय समोर रोवले आणि हाताला लागली ती कडी घट्ट धरली. पण गाडीला एक हादरा बसेना. काचेसमोर पाण्याची बाटली होती, तिच्यातलं पाणीसुद्धा हलत नव्हतं. डावीकडे खाली गाव दिसलं, शेडचा पत्रा दिसला आणि बघता बघता मागे गेला.

गाव दिसेनासं झालं, तसं चिमण म्हणाला, "एक सांगू? रागावू नकोस."

"सांग."

"मला हा रस्ता फार आवडतो. संध्याकाळी घरी पोचतो मी. पोरगी जागी असते. आधी कधी जागी सापडायचीच नाही. तुला कधी बोललो नाही, म्हटलं तुला वाईट वाटेल."

ताईनं त्याच्याकडे वळून बघितलं. "मग जुन्या रस्त्यानं का आलास रे?"

"तू बोलावलंस म्हणून," तो म्हणाला. त्याला यात नवल काहीच वाटत नव्हतं.

ताई शेडमध्ये असती तर उठली असती, दारात गेली असती, पातेलं घासलं असतं, काहीही केलं असतं. इथं उठायलासुद्धा जागा नव्हती. तिनं दाराची कडी हलवली.

"गाडी थांबव, चिमण. मला उतरू दे. जरा थांबव!"

"या रस्त्यावर थांबता येत नाही, ताई," तो म्हणाला, आणि रडणाऱ्या बहिणीला घेऊन तो बंदराकडे गाडी चालवत राहिला.